चावीवाल्याची बावीस पुस्तकं

चंद्रप्रकाश धुरी यांच्याबद्दल कोणी लिहावं इतके ते मोठे नव्हेत, असं ते स्वतःच म्हणतील. मीही लिहिणारा माणूस नाही. मुलुंड पूर्वेच्या आमच्या वाचनालयात एकतीस वर्षं मानद काम केलं, त्यात लिहिली ती सभांची इतिवृत्तं आणि पुस्तक परत करा म्हणून पाठवलेली स्मरणपत्रं. पण धुरींच्या पुस्तकांचं जे झालं ते माझ्या हातून झालं. दुसऱ्या कोणाला ते नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

धुरी महानगरपालिकेत चावीवाले होते. म्हणजे पाणी सोडणारे. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, लांब दांड्याची चावी आत घालायची आणि व्हॉल्व फिरवायचा. इतके फेरे फिरवले की या गल्लीला पाणी, तितके फिरवले की त्या. भांडुपच्या टेकडीवरच्या वस्त्या त्यांच्याकडे होत्या. तेहतीस वर्षं त्यांनी हेच केलं. उजवा खांदा त्यामुळे कायमचा खाली आला आहे. शर्ट शिवायला टाकला की शिंपी दर वेळी विचारतो, एक बाही लांब ठेवू का.

व्हॉल्व उघडल्यापासून बंद करेपर्यंत मध्ये दीड-दोन तास जात. बाकीचे चावीवाले टपरीवर बसत. धुरी कोणाच्या तरी ओट्यावर बसून वाचत. आणि वाचत ते क्रुसेडबद्दल. नऊशे वर्षांपूर्वी युरोपातले ख्रिस्ती राजे आणि सरदार जेरुसलेम मिळवायला निघाले आणि पुढे दोनशे वर्षं तिथल्या मुसलमान सुलतानांशी लढत राहिले, ती युद्धं. भांडुपच्या माणसाला त्याचं काय, हे मी त्यांना पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी मला एक चित्र दाखवलं.

एक्याऐंशी साली स्टेशनजवळच्या रद्दीच्या दुकानात त्यांना एक जाड इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. त्यात सीरियातला एक किल्ला उभा कापून दाखवला होता. कोणीही बुरूज बघेल, घोडे बघेल. धुरींना किल्ल्याच्या पोटातलं पाण्याचं टाकं दिसलं.

"एवढा टाका बांधल्यानी म्हणजे माणसां किती, दिवस किती, ता बघूक होया ना?" ते म्हणाले. खूश असले किंवा फार दमलेले असले की ते मालवणीवर जातात. एरवी आमच्यासारखंच बोलतात.

वडील गिरणीत होते. धुरी स्वतः मॅट्रिक. इंग्रजी त्यांनी शब्दकोश मांडीवर ठेवून वाचलं, सुरुवातीला एका पाळीला एक पान. शहाण्णव साली ते आमच्या वाचनालयात सभासद व्हायला आले तेव्हा क्रुसेडवरचं पुस्तक मागितलं. आमच्याकडे जगाच्या इतिहासाचा एक खंड होता, तो दिला. दुसऱ्याच दिवशी परत.

"वाचला?" मी विचारलं.

"वाचला हो. पण पाटणकरांनू, हा लेखक कधी हंडा घेऊन उभा राहिलेला नाही."

मला तेव्हा काही कळलं नाही. मी नाव लिहून पुस्तक जमा करून घेतलं.

गेल्या वर्षी टेकडीवरची त्यांची चाळ पुनर्विकासात गेली. इमारत होईपर्यंत भाड्याच्या एका खोलीत राहायचं. धुरींकडे क्रुसेडवरची त्रेसष्ट पुस्तकं होती. सुगंधावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, स्पष्टच सांगितलं.

"एक खोली आहे. एक तर मी राहते, नाहीतर हे राजे."

"तू राहा गं," धुरी म्हणाले. "तू स्वयंपाक करतेस."

मुलगा देवेश डोंबिवलीला असतो, त्याच्या घरातही जागा नाही. मग धुरी माझ्याकडे आले. मी समितीत विषय मांडला. समितीत बोलायची मला सवय नाही, दोन वाक्यांत तीनदा अडखळलो. खजिनदार सुयोग चाळिशीचा आहे, कामाचा माणूस, बोलायला तिखट.

"काका, यार, मुलुंडमध्ये मध्ययुगातला युरोप कोण वाचणार?"

"धुरी वाचतात."

"ते तर देतायत. घेणार कोण?"

आमच्या ग्रंथपाल रेवतीताई मध्ये पडल्या. जुनी परीक्षेची पुस्तकं काढल्यामुळे एक कप्पा रिकामा होता. तेवढा द्यावा असं ठरलं. मी पट्टी घेऊन मोजला. साधारण बावीस पुस्तकं मावतील.

त्रेसष्टातून बावीस निवडायला आम्हाला चार दुपारी लागल्या. जानेवारी होता, तरी त्यांच्या पत्र्याखाली बसवत नव्हतं. वहिनी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होत्या आणि आम्ही दोघं म्हातारे चटईवर पुस्तकांच्या मध्ये. मी एकेक उचलून विचारायचो, धुरी भिंतीला टेकून सांगायचे.

"हे?"

"मागची यादी बघा. डब्ल्यू काढा."

मी शेवटची सूची उघडली. युद्धं होती, कुठली तरी राजकन्या होती, पाणी नव्हतं.

"नाही."

"सरदारांच्या ढालींवर किती पानं आहेत?"

"सोळा."

"तीन लाख माणूस वाळवंटात घातला यानं आणि कोणाला तहान नाही लागली. ठेवा तिकडे."

पहिल्या दुपारी मला ही त्यांची गंमत वाटली. मग हळूहळू लक्षात आलं की माणूस विचार करून निवडतोय. सूची झाली की ते नकाशा बघायला सांगत. नकाशावर नुसते बाण असतील तर पुस्तक बाद. झरे, विहिरी, नद्या कुठे आहेत आणि एका मुक्कामापासून दुसरा किती लांब, हे दाखवलेलं असलं तर पुढे. मग संदर्भ. अरबांनी लिहिलेलं लेखकाने वाचलंय का, की फक्त युरोपातल्या पाद्र्यांनी लिहिलेल्यावर सगळं उभं केलंय? एका पुस्तकाला त्यांनी हातही लावला नाही. "ह्याच्यात एका बाजूचे सगळे शूर आणि दुसऱ्या बाजूचे सगळे राक्षस. मी ते वीस पानांवर सोडलं." दुसऱ्या एकात, नेमकी तीच गोष्ट, फक्त बाजू उलट्या. तेही गेलं.

सोनेरी अक्षरांचं, कापडी बांधणीचं एक मोठं पुस्तक होतं. मला ते सोडवेना.

"पण हे किती छान आहे हो."

"छान आहे ना. लग्नात द्या कोणाला."

वहिनी खोक्यामागून हसल्या. आणि एक पातळ, मुखपृष्ठ फाटलेलं, पिवळं पडलेलं पुस्तक धुरींनी मी न विचारता स्वतः उचलून 'ठेवायची' बाजूला ठेवलं. त्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड समुद्राच्या कडेने फौज घेऊन निघाला, त्या प्रत्येक दिवसाचं कोष्टक होतं. आज किती चालले, कुठल्या नदीवर थांबले, गलबतांतून काय उतरवलं.

"हा शहाणा," धुरी म्हणाले. "नदी ते नदी चालायचा. उन्हाच्या आधी थांबायचा. आणि पुढे जेरुसलेम एका मजलीवर राहिलं तरी परत फिरला. तिथल्या टाक्या समोरच्यांनी फोडलेल्या, पाणी नव्हतं. लोक म्हणतात घाबरला. घाबरला कसला! मोजलं त्यानं."

तिसऱ्या दुपारी हत्तीनच्या लढाईवरची पुस्तकं निघाली. सात होती, त्यातली चार ठेवायची ठरली. मी विचारलं, एकाच लढाईवर चार कशाला?

धुरींनी डोळे मिटले. "अकराशे सत्त्याऐंशी. जुलै महिना. जेरुसलेमच्या ख्रिस्ती राजाचा वीस हजार माणूस चांगल्या झऱ्याजवळ बसलेला. पुढे पंचवीस किलोमीटरवर तलाव, मध्ये एक बारीक झरा सोडला तर काही नाही. तलावाच्या बाजूला सुलतान सलादिन. राजाला लोकांनी सांगितलं, हलू नको. तो हलला."

"मग?"

"मग काय, वाट लागली. कोरड्या माळावर मुक्काम पडला. सकाळी समोरच्यांनी गवत पेटवलं, धूर यांच्या तोंडावर. तलाव दिसतोय आणि पोचता येत नाही. चार पुस्तकं चार कारणं सांगतात. कोणाला तरी चारही लागतील."

"इतकी वर्षं हेच का वाचलंत धुरी, खरं सांगा."

ते भिंतीपासून सरकून सरळ बसले. मग म्हणाले, "मे महिन्यात वरच्या चाळीत पाणी पोचलं नाही की बायका मला शिव्या घालायच्या. मी खाली दोन फेरे जास्त उघडलेले असायचे, कारण आदल्या दिवशी खालच्यांनी रडून घेतलेलं. कोणाला तरी कमी पडणारच. हे राजे तेच करत होते. फक्त त्यांच्यावर पुस्तकं लिहिली गेली."

चौथ्या दिवशी बावीस पुरी झाली. धुरींनी ती ओळीने लावली, मोजली, परत मोजली.

"बाकीची जाऊ देत," ते म्हणाले. "ही राहायला पाहिजेत. कोणाला लागली तर लागतील. नाही लागली तरी एका ठिकाणी असतील."

पुस्तकांच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं, हे मी त्या चार दिवसांत पाहिलं होतं. पाहिलं म्हणजे नजरेखालून गेलं. कोणत्याही पुस्तकात पेन्सिल असतेच, आणि मी त्या खुणा बघायच्या त्या पुसण्यासाठी. परत आलेलं पुस्तक हातात घेतलं की पानं चाळायची आणि खोडरबर फिरवायचा, ही माझी एकतीस वर्षांची सवय. शर्टाच्या खिशात पेन आणि खोडरबर दोन्ही असतात.

खोली रिकामी करून धुरी आणि वहिनी महिनाभर कुडाळजवळच्या गावी गेले. पुस्तकं दोन बॅगांतून माझ्या घरी आली. फेब्रुवारीच्या सभेत मी ती टेबलावर मांडली. सुयोगने एक उघडलं.

"काका, हे काय? सगळं लिहून ठेवलंय."

"पेन्सिल आहे."

"असू दे ना. आत लिहिलेली पुस्तकं देणगीत घ्यायची नाहीत, ठराव आहे आपला. दोन हजार चौदाचा." तो इतिवृत्ताची वही चाळायला लागला आणि मग थांबला. "तुम्हीच मांडलाय की!"

खरं होतं. तेव्हा लोक मुलांची गिरवून काळी केलेली परीक्षेची पुस्तकं आमच्या दारात टाकून जात. मी वैतागून तो ठराव मांडला होता. सगळ्या आयुष्यात मी मांडलेला एकच ठराव.

"पेन्सिलच आहे ना?" रेवतीताई म्हणाल्या. "पुसून द्या. पुढच्या रविवारी मी दाखल करून घेते."

त्यांचा यात काही दोष नाही. सुयोगचाही नाही. आणि धुरींना फोन करता आला असता. त्यांच्या गावी फोन लागतो. पण मला फोन करायचा म्हटला की आधी दोन दिवस वाक्यं जुळवावी लागतात. शिवाय वाटलं, माणूस गावी आराम करतोय, एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला त्रास द्यायचा. पेन्सिलीने लिहिलेलं माणूस पुसण्यासाठीच लिहितो, असंच मी धरून चाललो.

सुयोगला सांगून पंधरा दिवस वाढवून घेतले. पुसायला नऊ दिवस लागले. खिडकीजवळच्या टेबलावर सकाळी चहा झाला की बसायचो ते जेवणापर्यंत. धुरींचं अक्षर बारीक, आणि दाबून लिहायची सवय. जपून पुसावं लागत होतं, पान फाटू नये म्हणून. त्यामुळे प्रत्येक ओळ मी वाचली. आधी वाचायचो, मग पुसायचो.

हत्तीनच्या एका पानावर होतं: माणसं वीस हजार, प्रत्येकी पाच लिटर, एक लाख. घोडे चार हजार, प्रत्येकी चाळीस, एक लाख साठ हजार. म्हणजे रोज सव्वीस टँकर. कुठून आणणार? त्याच्या पुढे दोन पानांनी, झऱ्याचा उल्लेख येतो तिथे: थांब रे बाबा इथे. अंताकिया शहराच्या वेढ्यापाशी घोडे मरत गेले त्यांचं महिन्यावार कोष्टक. जेरुसलेमच्या बाहेर कातड्यांत भरून आणलेल्या घाण पाण्यासाठी माणसं एकमेकांना तुडवतात, तिथे नुसतं: हे मी पाहिलेलं आहे. काही ठिकाणी लेखकाची चूक दाखवली होती, अंतर इतकं नाही, तितकं आहे, अमुक पुस्तकाचं अमुक पान बघा. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात बोट दाखवत गेलेलं. बावीस पुस्तकं एकमेकांशी बोलत होती म्हणा.

मध्येच घरचंही असायचं. 'वडील आज गिरणीवर जाऊन परत आले. फाटक बंद.' असं एक. अशा नोंदी मी आधी पुसल्या. परक्या माणसांच्या हातात पडणाऱ्या पुस्तकात कोणाच्या घरचं असू नये, असं वाटलं. मी त्यांची लाज राखतोय, अशी माझी समजूत होती.

पाचव्या दिवशी एकदा हात थांबला होता. हे खोटं सांगत नाही. खोडरबर ठेवून मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. पण तोवर तेरा पुस्तकं झाली होती, उरलेली नऊ तशी ठेवली तर सुयोग घेणार नाही, आणि धुरींनी सांगितलं होतं की ही राहायला पाहिजेत. परत येऊन बसलो.

रविवारी रेवतीताईंनी शिक्के मारले, दाखल क्रमांक घातले. एकदम स्वच्छ पुस्तकं. सुयोगसुद्धा म्हणाला, "काका, झकास काम केलंत."

मार्चमध्ये धुरी आले. भाड्याची खोली भांडुपलाच मिळाली होती, तिथे सामान लावून दुसऱ्याच दिवशी आले. मी त्यांना कप्प्यापाशी नेलं. ओळ बघून त्यांचा चेहरा उजळला. मग एक पुस्तक काढलं, उघडलं, चार पानं उलटली. चष्मा काढून पुसला. खिडकीपाशी गेले.

"नंबर वाढला वाटतं," ते म्हणाले.

त्यांनी समासावरून अंगठा फिरवला. दाबून लिहिल्याच्या खळग्या हाताला लागल्या असणार.

"पुसलंत?"

"हो. आत लिहिलेली घेत नाहीत. ठराव आहे. मला वाटलं, पेन्सिल आहे, म्हणजे..."

"सगळी?"

"हो."

ते वाचकांच्या बाकावर बसले. पुस्तक मांडीवर उघडंच होतं.

"किती दिवस लागले?"

"नऊ."

"एकही डाग नाही ठेवलात हो," ते म्हणाले. टोमणा नव्हता तो. एका कामगाराने दुसऱ्याच्या कामाबद्दल बोलावं तसं म्हणाले. त्यानेच मला जास्त लागलं.

थोड्या वेळाने त्यांनी सांगितलं. नोकरीत पहिल्या वर्षी ते फेऱ्यांची नोंद पेनने ठेवत. खड्ड्यात उतरलं की वही भिजायची आणि शाई फुटून सगळं निळं. मुकादमाने पेन्सिल दिली. भिजली, वाळवली, तरी पेन्सिलीचं तसंच राहतं. तेव्हापासून जे ठेवायचं ते पेन्सिलीने.

"तुमची चूक नाही," ते म्हणाले. "तुम्हाला कुठे खड्ड्यात उतरायला लागलं."

पुस्तक जागेवर ठेवून ते गेले. उजवा खांदा नेहमीपेक्षा खाली वाटला, पण ते माझं मनही असेल.

पुढचे काही आठवडे ते आले नाहीत. मी एक वही घेतली आणि आठवेल ते लिहायला लागलो. कुठलं पुस्तक, कुठल्या बाजूचा समास, काय होतं. प्रत्येक ओळ वाचलेली होती, तर काही तरी राहिलंच असणार. पहिल्या दिवशी नऊ आठवल्या. मग जेवताना एखादी, रांगेत उभा असताना एखादी. आकडे मात्र माझ्या डोक्यात टिकत नाहीत. एकशे चाळीस झाल्या, पुढे थांबलं. पुसलेल्या दीड-दोन हजार तरी असतील.

वही घेऊन त्यांच्या खोलीवर गेलो. दुसऱ्या मजल्यावर, जिना उभा. वहिनींनी दार उघडलं.

"पडलेत," त्या हळू म्हणाल्या. "दिवसभर पडूनच असतात. तुमच्यावर राग नाही हो त्यांचा. राग असता तर उठून बसले तरी असते."

मी पलंगाजवळ स्टूलवर बसलो. कसं सुरू करावं कळेना, म्हणून सरळ वाचायलाच लागलो. "हत्तीन. लाल पुस्तक, डावा समास. माणसं वीस हजार, प्रत्येकी पाच लिटर. घोडे चार हजार, प्रत्येकी तीस..."

"चाळीस," धुरी डोळे न उघडता म्हणाले.

मी खोडून चाळीस केलं. पुढची वाचली.

"चूक. ती दुसऱ्या पुस्तकात आहे."

तिसरी वाचली. त्यांनी मान हलवली. चौथी. "ह्या मी लिहिलेलाच नाय. तुमचा काय तरी." तीही खोडली. असं एक तास चाललं. एकवीस वाचल्या, अकरा टिकल्या. मग त्यांनी हात वर केला.

"वहीत कशाला लिहिताय? वही तुमच्या मागे रद्दीत जाईल. पुस्तकात लिहा."

"ठराव आहे."

"कोणाचा?"

"माझाच."

यावर ते हसले की खोकले, ते मला सांगता येणार नाही.

एप्रिलच्या सभेत मी तो ठराव मागे घ्यावा असं मांडलं. माझे शब्द अडकले, पाणी प्यायलो, परत मांडलं. धुरींच्या कप्प्यापुरता तरी, असंही म्हणालो. सुयोगने शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, मला समजतंय. पण एकदा सोडलं ना, की उद्या कोणीही येऊन गिरवेल. मग पुसत कोण बसणार? तुम्ही?"

विषय पुढच्या सभेवर गेला. पुढच्या सभेत कोरम झाला नाही. मग मी समितीचा नाद सोडला आणि साध्या सभासदासारखं माझ्या कार्डावर एक पुस्तक घरी नेलं. रेवतीताईंनी तारखेचा शिक्का मारला आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

आता शुक्रवारी दुपारी मी भांडुपला जातो. एका वेळी एकच पुस्तक. मी वाचतो, धुरी दुरुस्त करतात, आणि दोघांचं जमलं तर मी त्या जागी पेन्सिलीने लिहितो. माझं अक्षर त्यांच्यापेक्षा मोठं आहे, समासात मावत नाही. त्यांचं म्हणणं, पुढच्या वाचणाऱ्याला चष्मा कमी नंबरचा चालेल. त्यांचंही सगळं लक्षात नाही. चाळीस वर्षांचं होतं ते, तेही माझ्यासारखेच अंदाजाने बोलतात कधी कधी. मग ती जागा आम्ही सोडून देतो. अशा सोडलेल्या जागाच जास्त आहेत.

गेल्या शुक्रवारी एकर नावाच्या बंदराच्या वेढ्याचं पुस्तक घेतलं होतं. तीन नोंदी झाल्या आणि धुरी दमले. मी उठायला लागलो तेव्हा वहिनी ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होत्या, त्यांनी विचारलं,

"भावोजी, ह्यात घरचंही काय काय लिहिलेलं होतं म्हणे. माझं काही होतं का?"

मी धुरींकडे बघितलं. ते छताकडे बघत होते. होतं. ते मला अगदी नीट आठवत होतं, कारण ते याच पुस्तकात होतं आणि पुसताना कागद थोडा निघाला होता. पान दोनशे अकरा.

"मुलगा झाला. सुगंधा बरी आहे. पहाटे पाच," मी सांगितलं.

वहिनींनी कोथिंबीर बाजूला ठेवली. "पहाटे पाच? हे होते कुठे तेव्हा! पाण्यावर होते. सकाळी साडेसातला झाला देवेश. नर्सबाई पाळी संपवून निघालेली, ती परत फिरली."

"मला पाच सांगितलेलं," धुरी म्हणाले.

"कोणी?"

"फोनवर. कोणीतरी."

"सदतीस वर्षं पाच धरून बसलात?"

धुरी कुशीवर वळले. कोपरावर भार देऊन थोडे उठले, पुस्तक माझ्याकडून घेतलं, पान काढलं, कागद निघालेली ती जागा बघितली आणि परत माझ्या हातात दिलं.

"साडेसात लिहा," ते म्हणाले.

लिहिलं. त्या दिवशी तेवढंच झालं. पुस्तक पिशवीत घातलं, जिना सावकाश उतरलो. बावीसपैकी चार झाली आहेत, तीही अर्धवट. माझे गुडघे आणि त्यांचा जीव कुठवर साथ देतील, ठाऊक नाही. येत्या शुक्रवारी परत एकरच घेणार आहे.